काळ्या पडद्यावरची शेवटची ओळ

संगणकाचं बटण दाबलं, पंखा फिरू लागला, कंपनीचं बोधचिन्ह क्षणभर दिसलं. आणि मग रोजचं चित्र येण्याऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चारदोन ओळी उमटल्या. जुन्या डेस्कटॉपवर त्या साधारण अशा असतात : ‘पीएक्सई-ई६१ : मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल’. तिच्याखाली ‘पीएक्सई-एम०एफ : एक्झिटिंग इंटेल बूट एजंट’. आणि सगळ्यांत खाली ‘ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड’ किंवा ‘नो बूटेबल डिव्हाइस’. नव्या लॅपटॉपवर भाषा थोडी वेगळी दिसते : ‘स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४’, मग थोडी वाट, मग तेच ‘आयपीव्ही६’साठी, आणि पुन्हा काळा पडदा.

घरातला माणूस या सगळ्यातून ‘चेक केबल’ हे दोन शब्द उचलतो. राउटरची वायर काढून पुन्हा घालतो, इंटरनेटवाल्याला फोन लावतो, वायफाय बंद-चालू करतो. दुसरा कोणी यंत्र उचलून थेट दुकानात नेतो आणि तिथे निदान होतं : ‘विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावं लागेल.’ पहिल्या प्रकारात एक दुपार वाया जाते. दुसऱ्यात मुलांच्या लहानपणापासूनचे फोटो, प्रबंधाचा मसुदा, दुकानाचे हिशेब असं बरंच काही कायमचं जाऊ शकतं. म्हणून हा संदेश नीट वाचता येणं घरोघरी गरजेचं झालं आहे.

या प्रकरणात सांगायची मुख्य गोष्ट एकच आहे. पडद्यावरची शेवटची ओळ ही बिघाडाचं कारण सांगत नसते. शोध कुठे येऊन संपला, एवढंच ती सांगते. घरातलं पीठ संपलं म्हणून कोणी वाटी घेऊन शेजारी गेलं आणि शेजारचं दार बंद निघालं, तर बंद दार ही खरी अडचण नव्हे; घरातला डबा रिकामा आहे, ही अडचण आहे. संगणक नेटवर्कवर मदत मागायला गेला आणि ती मिळाली नाही, असं तो सांगतो, तेव्हा आपण विचारायचा प्रश्न हा : घरातल्या डिस्कवर त्याला काय सापडलं नाही, आणि का?

बटण दाबल्यावर काय होतं

मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमध्ये कारखान्यातच भरून ठेवलेला एक प्रोग्रॅम असतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, गेल्या दहा-बारा वर्षांतल्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. वीज मिळताच हा प्रोग्रॅम जागा होतो, प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, कीबोर्ड यांची झटपट तपासणी करतो आणि मग ऑपरेटिंग सिस्टीम शोधायला लागतो. विंडोज असो वा लिनक्स, ती डिस्कवर साठवलेली असते. ती उचलून मेमरीत आणणारं आणि तिच्या हाती कारभार सोपवणारं कोणीतरी लागतं. ते काम या प्रोग्रॅमचं.

शोधायचं कुठे, याची एक क्रमवार यादी ठरलेली असते. तिला ‘बूट ऑर्डर’ म्हणतात. एखाद्या यंत्रात आधी पेन ड्राइव्ह, मग घरातली डिस्क आणि शेवटी नेटवर्क कार्ड असा क्रम असतो. दुसऱ्यात डिस्क सर्वांत वर असते. बायोसच्या पद्धतीत यंत्र डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्सचा तुकडा वाचतं आणि त्याच्या शेवटच्या दोन बाइट्समध्ये ‘५५ एए’ ही ठरलेली खूण आहे का, ते पाहतं. यूईएफआयच्या पद्धतीत डिस्कवर एक वेगळा छोटा विभाग असतो आणि त्यात ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारी फाइल ठेवलेली असते. विंडोजच्या यंत्रांवर या फाइलची नोंद मदरबोर्डच्या स्मृतीतही ‘विंडोज बूट मॅनेजर’ या नावाने असते.

खूण किंवा फाइल सापडली की काही सेकंदांत ओळखीचा पडदा येतो आणि यादीतलं पुढचं काही पाहायची वेळच येत नाही. सापडली नाही, तर यंत्र यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतं. अशी एकेक नावं संपत संपत ते नेटवर्क कार्डापाशी पोचतं, आणि तेव्हाच आपल्याला पीएक्सईच्या ओळी दिसतात. याला अपवाद एकच : कोणीतरी सेटिंगमध्ये नेटवर्कला यादीत पहिलं स्थान दिलेलं असेल, तर डिस्क धडधाकट असूनही आधी याच ओळी येतात आणि थोड्या वेळाने विंडोज नेहमीसारखी सुरू होते. ऑफिसातून घरी आणलेल्या किंवा सेकंड-हँड घेतलेल्या यंत्रांत असं बऱ्याचदा दिसतं.

डिस्क नसलेल्या यंत्रांचा वारसा

घरच्या संगणकाला नेटवर्कवर ऑपरेटिंग सिस्टीम शोधायचं कारणच काय, असा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. त्याचं उत्तर १९८०च्या दशकात आहे. त्या काळी हार्ड डिस्क महाग होती, मोठी होती आणि आवाजही करायची. अमेरिकेतल्या विद्यापीठांत आणि कंपन्यांत प्रत्येक टेबलावर डिस्कशिवायचा वर्कस्टेशन संगणक ठेवायचा आणि सर्वांसाठी मिळून एका मोठ्या सर्व्हरवर डिस्क लावायची, ही काटकसरीची रीत रुळली. सन मायक्रोसिस्टिम्सची अशी यंत्रं प्रसिद्ध होती. पण डिस्कच नसलेल्या यंत्राने सुरू व्हायचं कसं? आपला पत्ता काय, सर्व्हर कोणता, कोणती फाइल मागायची, हे त्याला सांगणार कोण?

सप्टेंबर १९८५मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्समधले जॉन गिलमोर यांनी या प्रश्नावर ‘बूटपी’ नावाचा संकेत मांडला. सुरू होणारं यंत्र सगळ्या नेटवर्कला उद्देशून हाक देतं आणि सर्व्हर त्याला पत्ता व फाइलचं नाव कळवतो. फाइल आणायचं काम टीएफटीपी या दुसऱ्या संकेताकडे आलं. एमआयटीतल्या कॅरन सॉलिन्स यांनी लिहिलेला त्याचा मसुदा १९८१चा. टीएफटीपीत मुद्दामच फारसं काही नाही : फाइल ५१२ बाइट्सच्या तुकड्यांत पाठवायची, प्रत्येक तुकड्याची पोच आली की पुढचा. त्यात पासवर्ड नाही, फाइलींची यादी मागायची सोयही नाही. नेटवर्क कार्डावरच्या चिमुकल्या चिपमध्ये मावावं, म्हणून ते इतकं आटोपशीर ठेवलं होतं.

१९९३मध्ये बकनेल विद्यापीठाच्या राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेला डीएचसीपी हा संकेत आला. तो बूटपीचाच विस्तार. आज आपल्या घरातला राउटर मोबाइलला, टीव्हीला, लॅपटॉपला जो आयपी पत्ता वाटतो, तो याच डीएचसीपीने. पुढे इंटेलने डीएचसीपी आणि टीएफटीपी एकत्र बांधून नेटवर्कवरून सुरू होण्याची प्रमाण पद्धत तयार केली. तिचं नाव प्रीबूट एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट, म्हणजेच पीएक्सई. तिची २.१ ही आवृत्ती सप्टेंबर १९९९मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यातली रीत आजही वापरात आहे.

ही सोय मोठ्या ठिकाणी फार उपयोगाची. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या संगणकांवर विंडोज किंवा लिनक्स बसवायचं असेल, तर पेन ड्राइव्ह घेऊन प्रत्येक टेबलापाशी बसावं लागत नाही. यंत्रं चालू करायची, ती सर्व्हरकडून सगळं ओढून घेतात. डेटा सेंटरमधले सर्व्हर असेच उभे केले जातात. रास्पबेरी पायसारखा तळहातावर मावणारा संगणकही नेटवर्कवरून सुरू करता येतो. कारखान्यातून निघणारा मदरबोर्ड मात्र कॉलेजात जाणार की दिवाणखान्यात, हे बनवणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून सोय सगळ्यांतच असते, आणि घरी तिची गाठ फक्त संकटाच्या वेळी पडते.

एका मिनिटाचा संवाद

नेटवर्कची पाळी आली की यंत्र प्रथम कार्ड तपासतं आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला कोणी आहे का, ते पाहतं. लॅन केबल लावलेलीच नसेल, तर काम तिथेच थांबतं आणि ‘ई६१’ येतो. घरातले बहुतेक लॅपटॉप वायफायवर चालतात आणि हा नेटवर्क बूट बहुतेक यंत्रांत फक्त वायरीतून होतो. म्हणजे घरच्या लॅपटॉपवर ‘चेक केबल’ येणं अगदी अपेक्षित आहे. त्या केबलचा आणि आपल्या बिघाडाचा काही संबंध नाही.

केबल लावलेली असेल, तर जुन्या यंत्रांत पडद्यावर ‘क्लायंट मॅक अॅड्रेस’ आणि बारा अंकाक्षरं दिसतात. हा नेटवर्क कार्डाचा जन्मजात क्रमांक. त्याखाली ‘डीएचसीपी’ आणि तिच्यापुढे गोल गोल फिरणारी एक छोटी रेघ. यंत्र इथे अडकलेलं नसतं. ते वाट पाहत असतं. त्याने ‘मला पत्ता आणि सुरू होण्यासाठी फाइल कोण देईल?’ असं सगळ्या नेटवर्कला विचारलेलं असतं. पहिल्या हाकेनंतर ४ सेकंद, दुसरीनंतर ८, तिसरीनंतर १६ आणि चौथीनंतर ३२ सेकंद थांबायचं, असं पीएक्सईच्या नियमांत लिहिलेलं आहे. बेरीज ६० सेकंद. रेघ मिनिटभर का फिरते, याचं उत्तर हे. नवी यंत्रं आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ अशा दोन्ही मार्गांनी विचारतात, त्यामुळे वेळ आणखी लांबतो आणि यंत्र बंद पडलं असं वाटून आपण बटण दाबून धरतो.

घरचा राउटर त्या हाकेला अर्धं उत्तर देतो. आयपी पत्ता त्याच्याकडे असतो, तो देतो. पण सुरू होण्याची फाइल कोणत्या सर्व्हरवर आहे, हे सांगायला त्याच्याजवळ काहीच नसतं. पत्ता मिळाला, फाइलचं नाव नाही, अशी ही अवस्था. जुनं यंत्र तेव्हा ‘ई५३ : नो बूट फाइलनेम रिसीव्हड’ म्हणतं. नवं यंत्र ‘ई१६ : नो व्हॅलिड ऑफर रिसीव्हड’ किंवा ‘ई१८ : सर्व्हर रिस्पॉन्स टाइमआउट’ दाखवतं. राउटर बिघडलेला नसतो. त्याच्याकडून जी गोष्ट मागितली गेली, ती घरच्या राउटरकडे असायचं कारणच नाही.

क्रमांक वाचायची किल्ली

पीएक्सईच्या क्रमांकांना शिस्त आहे, आणि ती कळली की भीती निम्मी होते. ‘पीएक्सई’नंतर ‘ई’ असेल तर तो दोष, ‘एम’ असेल तर नुसती माहिती. म्हणून ‘एम०एफ’ ही ओळ वाचून घाबरायचं कारण नाही. इंटेलचा बूट एजंट काम थांबवून बाहेर पडला, इतकाच तिचा अर्थ.

जुन्या इंटेल बूट एजंटमध्ये ‘ई’नंतरचा पहिला अंक गाडी कोणत्या टप्प्यावर अडली, ते सांगतो. शून्याने सुरू होणारे दोष कार्डाच्या स्वतःच्या तयारीतले : उदाहरणार्थ, ‘ई०५’ म्हणजे कार्डातली साठवलेली माहिती खराब झालेली किंवा भरलेलीच नाही. सहाने सुरू होणारे कार्ड आणि केबल यांच्यातले, ‘ई६१’ त्यातलाच. पाचने सुरू होणारे डीएचसीपीच्या टप्प्यातले : ‘ई५१’ म्हणजे कोणीच उत्तर दिलं नाही, ‘ई५३’ म्हणजे उत्तर आलं पण फाइलचं नाव नाही. तीनने सुरू होणारे टीएफटीपीतले : ‘ई३२’ म्हणजे सर्व्हरकडे फाइल मागितली आणि उत्तर यायची वेळ टळून गेली, ‘ई३बी’ म्हणजे सर्व्हर सापडला पण त्याच्यावर ती फाइल नाही. सातने सुरू होणारे त्याच्याही पुढचे.

नव्या यूईएफआय यंत्रांत क्रमांकांची वाटणी वेगळी आहे. तिथे ‘ई१६’ आणि ‘ई१८’ यांची गाठ जास्त पडते, ‘ई२१’ म्हणजे कोणीतरी कळ दाबून प्रयत्न रद्द केला. काही कंपन्या तर पीएक्सईचा उल्लेखही टाळतात. एचपीच्या यंत्रांवर ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ आणि कंसात ‘३एफ०’ असा क्रमांक येतो. लेनोवोच्या काहींवर ‘ईएफआय पीएक्सई ० फॉर आयपीव्ही४… बूट फेल्ड’ अशी ओळ येते. शब्द वेगळे, पण घरच्या वापरासाठी सगळ्यांचा गाभा एकच : यादीतल्या एकाही ठिकाणी सुरू होण्याजोगं काही मिळालं नाही.

ऑफिसात किंवा कॉलेजात, जिथे नेटवर्कवरूनच यंत्रं उभी करायची असतात, तिथे ‘ई५१’ आणि ‘ई३२’ यांतला फरक फार मोलाचा. कारण पहिल्यात डीएचसीपी सर्व्हर तपासायचा आणि दुसऱ्यात टीएफटीपीचा सर्व्हर किंवा मधली फायरवॉल. घरी मात्र यांतला कोणताही क्रमांक आला, तरी पुढचं पाऊल तेच : डिस्ककडे वळणं.

मग डिस्क गेली कुठे?

डिस्कवरून यंत्र सुरू न होण्याची कारणं हलक्यापासून गंभीरापर्यंत अनेक आहेत, आणि त्यांचा क्रम माहीत असणं महत्त्वाचं, कारण तपासणीही त्याच क्रमाने व्हायला हवी.

सर्वांत हलकं कारण म्हणजे यंत्राला लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क. यादीत ते वर असलं आणि त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम नसली, की काही यंत्रं तिथेच अडून बसतात. ते काढून यंत्र पुन्हा सुरू केलं की प्रश्न सुटतो.

दुसरं कारण सेटिंग बदलण्याचं. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर२०३२ नावाची, ३ व्होल्टची. यंत्राचं घड्याळ आणि अनेक यंत्रांत सेटिंगही तिच्या जोरावर टिकतात. काही वर्षांनी ती उतरली की प्रत्येक वेळी वीज बंद झाल्यावर तारीख मागे जाते आणि सेटिंग कारखान्यातल्या मूळ अवस्थेला परततात. बूट ऑर्डर बदलते. कधी ‘लेगसी’ (म्हणजे जुनी बायोसची पद्धत) आणि ‘यूईएफआय’ यांच्यातली निवडही उलटते. यूईएफआय पद्धतीने बसवलेली विंडोज लेगसी पद्धतीत शोधली, तर डिस्क समोर असूनही यंत्राला तिच्यावर काही सापडत नाही. तारीख चुकीची दिसणं हा या कारणाचा स्पष्ट पुरावा. बॅटरी कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते.

तिसरं कारण जोडणीचं. डेस्कटॉपमध्ये डिस्कला दोन केबल असतात : माहितीसाठी साटा केबल आणि वीजपुरवठ्याची दुसरी. टेबल हलवताना, पंख्यातली धूळ काढताना यांतली एक सैल होते. कोकणासारख्या दमट हवेत जोडणीच्या धातूवर थर चढतो आणि स्पर्श नीट राहत नाही. लॅपटॉप पडला असेल तर आतली डिस्क खाचेतून किंचित सरकलेली असू शकते.

चौथं कारण डिस्क शाबूत, पण तिच्यावरची सुरू होण्याची फाइल बिघडलेली. विंडोजचा अपडेट चालू असताना वीज गेली, कोणी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना चुकीचा विभाग पुसला, असं झालं की ही अवस्था येते. इथे आपल्या फाइली जागच्या जागी असतात. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हमध्ये ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ असा पर्याय असतो आणि ‘स्टार्टअप रिपेअर’ने हा दोष बऱ्याचदा दुरुस्त होतो. फॉरमॅटची गरज नसते.

आणि शेवटचं कारण डिस्कच गेल्याचं. फिरणाऱ्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कमधून ठरावीक लयीत टक-टक असा आवाज येत असेल, तर वाचणारं टोक जागेवर बसत नाही, असा त्याचा अर्थ. एसएसडी मात्र आवाज न करता एका क्षणात नाहीशी होते.

कोणत्या क्रमाने तपासावं

सुरुवात फोटो काढून करावी. पडद्यावरच्या सगळ्या ओळींचा, वरपासून खालपर्यंत, मोबाइलवर फोटो. ओळी पटकन सरकत असतील तर व्हिडिओ. पुढे कोणालाही मदत मागितली, तरी ‘काहीतरी इंग्रजी आलं’ यापेक्षा हा फोटो शंभरपट उपयोगी.

मग यूएसबीला लावलेलं सगळं काढावं, यंत्र पूर्ण बंद करावं, मिनिटभराने पुन्हा सुरू करावं. तरीही तेच आलं तर सेटअपमध्ये जावं. डेलच्या यंत्रांत एफ२, एचपीत एफ१०, असूसमध्ये एफ२ किंवा डिलीट, लेनोवोत एफ१ किंवा एफ२. बटण दाबल्याबरोबर ही कळ वारंवार दाबत राहायची. तिथे पोचल्यावर काहीही न बदलता एकच गोष्ट पाहावी : साठवणुकीच्या यादीत आपल्या डिस्कचं नाव आहे का?

या एका प्रश्नावर पुढचा सगळा मार्ग फुटतो. नाव असेल, तर डिस्कला वीज मिळते आहे आणि ती यंत्राशी बोलते आहे. अडचण बूट ऑर्डरची, लेगसी-यूईएफआय निवडीची किंवा सुरू होण्याच्या फाइलची असण्याची शक्यता मोठी. नाव नसेल, तर जोडणी तपासायची. वीज बंद करून, प्लग काढून केबल नीट बसवायच्या, आणि तरीही नाव आलं नाही तर डिस्कबद्दल काळजी करायची. एचपी आणि डेलच्या यंत्रांत डिस्क तपासण्याची चाचणी यंत्रातच असते. एचपीत सुरुवातीला एस्केप आणि मग एफ२, डेलमध्ये एफ१२ दाबून मिळणाऱ्या यादीत ‘डायग्नोस्टिक्स’.

सेटअपमधलं काही बदलायचं झालं, तर आधीच्या अवस्थेचा फोटो घ्यावा आणि एका वेळी एकच बदल करावा. एक सावधगिरी विशेष महत्त्वाची. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद करते, कधी मालकाच्या लक्षातही न येता. सेटअपमध्ये बदल केल्यावर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती सहसा यंत्र सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. यंत्र धडधाकट असतानाच ती शोधून कागदावर लिहून ठेवावी. बिघाडाच्या दिवशी, दुसऱ्याच्या फोनवरून, विसरलेल्या पासवर्डसह ती शोधणं फार कठीण जातं.

टक-टक असा आवाज येत असेल, तर वरच्या कोणत्याही पायरीवर वेळ घालवू नये. यंत्र लगेच बंद करावं. प्रत्येक वेळी सुरू करून पाहण्याने तबकडीवर आणखी ओरखडे पडू शकतात आणि जे वाचलं असतं तेही जातं. अशा डिस्कवरची माहिती महत्त्वाची असेल, तर ती डिस्क माहिती परत मिळवण्याचं काम करणाऱ्यांकडेच द्यावी.

आवाज नसेल आणि डिस्क दिसत असेल, तर फाइली वाचवायला घरबसल्याही मार्ग आहे. दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारख्या लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करायचा, आपलं यंत्र त्यावरून ‘ट्राय’ हा पर्याय निवडून सुरू करायचं आणि जुन्या डिस्कवरच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवायच्या. डिस्कवर काही लिहायचं नाही, काही बसवायचं नाही. बिटलॉकर असेल तर इथेही तीच की लागते.

नेटवर्क बूट बंद करावा का?

घरी त्याची गरज नसेल, तर सेटअपमध्ये ‘नेटवर्क बूट’ किंवा ‘पीएक्सई बूट’ बंद ठेवायला हरकत नाही. यंत्र थोडं लवकर सुरू होतं, आणि सुरक्षेचाही एक मुद्दा आहे. पीएक्सई आणि टीएफटीपी अशा काळात घडले, जेव्हा नेटवर्कवरच्या शेजाऱ्यावर विश्वास ठेवणं रास्त होतं. फाइल देणारा सर्व्हर खरा आहे का, हे पारखायची सोय मूळ रचनेत नाही. जानेवारी २०२४मध्ये क्वार्क्सलॅब या फ्रेंच कंपनीच्या संशोधकांनी अनेक कंपन्यांच्या यूईएफआयचा पाया असलेल्या ईडीके२ या सॉफ्टवेअरच्या नेटवर्क भागात ९ त्रुटी जाहीर केल्या आणि त्यांना ‘पिक्सीफेल’ असं नाव दिलं. घरच्या राउटरमागे बसलेल्या यंत्राला यातून मोठा धोका नाही. तरी न वापरली जाणारी सोय बंद असलेली बरी.

मात्र डिस्क बिघडल्यावर नेटवर्क बूट बंद करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. पीएक्सईच्या ओळी जातील, त्यांच्या जागी नुसतं ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येईल, आणि डिस्क होती तिथेच, तशीच राहील.

दुकानात जाण्याआधी

यंत्र दुरुस्तीला न्यावं लागलं, तर तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात. पहिली : पडद्यावर आलेल्या ओळींचा फोटो दाखवून, सेटअपमध्ये डिस्कचं नाव दिसतं की नाही, हे सांगावं. दुसरी : डिस्कवर माझ्या फाइली आहेत, त्यांची प्रत निघाल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही, हे पावतीवर लिहून घ्यावं. तिसरी : डिस्क बदलली, तर जुनी डिस्क मला परत हवी. चांगला कारागीर यातल्या एकाही गोष्टीला नकार देत नाही. उलट अर्धी तपासणी आधीच झालेली असल्याने त्याचंही काम सोपं होतं.

पडद्यावरच्या त्या चार ओळी क्लिष्ट दिसतात, पण त्यांत लपवाछपवी नाही. यंत्राने कुठे शोधलं आणि शोध कुठे थांबला, हे त्या क्रमाने सांगतात. आपण फक्त शेवटच्या ओळीवर न थांबता त्यांच्या आधी काय घडलं असेल, तिकडे जायला हवं. तेवढं जमलं, तर ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला ऐकून लगेच मान हलवणारे आपण राहत नाही. ‘सेटअपमध्ये डिस्क दिसते का?’ असं आपण आधी विचारतो, आणि या एका प्रश्नाने अनेक घरांतल्या फाइली वाचू शकतात.